भीतीचा शेवट कोण करणार? : 'रात्रीस खेळ चाले' व 'देवमाणूस' या मालिका आणि बालप्रेक्षक

प्रस्तावना

रात्रीची जेवणे आटोपलेली असतात. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या घरात आजी, आई-वडील आणि दोन मुले एकाच खोलीत दूरचित्रवाणी संचासमोर बसलेली असतात. मालिकेचे शीर्षकसंगीत सुरू होते आणि धाकट्याने ही मालिका पाहावी की पाहू नये, हा प्रश्न क्षणभर उभा राहतो. घरातील कोणीतरी तो एका वाक्यात सोडवतो. 'भुताचं आहे, तू झोप जा,' हे एक वाक्य. 'यात भूतबीत काही नाही, बसू दे त्याला,' हे दुसरे. पहिले वाक्य सावधपणाचे आणि दुसरे समजूतदारपणाचे मानले जाते. या दोन्ही वाक्यांमागे जो निकष दडलेला आहे, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा निकष असा : पडद्यावर भूत असेल तर मालिका मुलांसाठी अयोग्य, भूत नसेल तर चालण्याजोगी. झी मराठी वाहिनीवरील दोन लोकप्रिय मालिकांना तो लावून पाहिला असता त्याचा अपुरेपणा ध्यानात येतो. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. तिचे दुसरे पर्व २०१९ मध्ये व तिसरे २०२१ मध्ये आले. दुसरे पर्व ऑगस्ट २०२० च्या अखेरीस संपले आणि त्याच साडेदहाच्या वेळेत 'देवमाणूस' सुरू झाली. पहिल्या मालिकेत भूत आहे, दुसऱ्या मालिकेत नाही. घरगुती निकषानुसार पहिली वर्ज्य आणि दुसरी क्षम्य ठरते. लहान मुलांच्या संदर्भात हा निकाल बऱ्याच अंशी उलटा लावावा लागेल, आणि त्यासाठी वय, समीपता व शेवट हे तीन निकष अधिक उपयोगी पडतील, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. या तिन्हींमध्ये 'शेवट' हा निकष सर्वांत दुर्लक्षित असून तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

भयकथेची परंपरा आणि तिचा शेवट

मुलांना भीती दाखवू नये, अशी आपली परंपरा कधीच नव्हती. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मराठी घरांत तीन-चार वर्षांच्या मुलांना सांगितली जाते. तिच्यातील वाघ त्या म्हातारीला खायलाच टपलेला असतो. मूल आजीला बिलगते, पण गोष्ट थांबवू देत नाही. ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात परीकथांतील भीतीचे समर्थन केले. मुलाच्या मनात भीती असतेच. कथा तिला रूप देते आणि तिच्यातून बाहेर पडण्याची वाटही दाखवते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. त्याच्या मांडणीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले असले तरी हा मुद्दा आजही विचारात घ्यावा लागतो.

सांगलीच्या वाचकाला या संदर्भात स्वतःच्या नगराचा इतिहास आठवावा. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यातून पुढे आलेल्या पौराणिक नाटकांत राक्षसपार्टी हा एक ठळक घटक होता. आरोळ्या, तलवारींचा खणखणाट, राळेचा भडका आणि रंगवलेले चेहरे यांनी प्रेक्षकांच्या अंगावर काटा येत असे. ही नाटके केवळ प्रौढांसाठी नव्हती. तथापि त्या भीतीला दोन कुंपणे होती. एक तर ती समुदायात, सर्वांच्या सोबतीने अनुभवली जाई. दुसरे असे की, राक्षसाचा पराभव त्याच रात्री, त्याच रंगभूमीवर, मुलाच्या डोळ्यांदेखत होई. मूल पेंगुळले तरी राक्षस मेल्याची खात्री घेऊनच घरी जाई. व्रताच्या कहाण्याही 'सुफळ संपूर्ण' झाल्याशिवाय थांबत नाहीत. पारंपरिक कथनात भीती सुरू करणारा आणि ती मिटवणारा एकच असतो, आणि हे दोन्ही एकाच बैठकीत घडते.

दूरचित्रवाणीवरील आरंभीच्या भयमालिकांनी ही रचना काही प्रमाणात टिकवली होती. १९९३ मध्ये सुरू झालेला 'झी हॉरर शो' आणि १९९५ ची 'आहट' या हिंदी मालिका आठवड्याच्या अंतराने येत आणि त्यांतील कथा बहुधा मोजक्या भागांत संपत. दैनंदिन मालिकेने ही रचना मोडली. तिला रोज एक भाग द्यावयाचा असतो आणि उद्याचा प्रेक्षक आजच बांधून ठेवावयाचा असतो. त्यामुळे भीती शिगेला पोहोचते तेथेच भाग थांबतो. दार करकरते, कोणीतरी मागे वळून पाहते, चेहरा स्थिर होतो आणि नामावली सुरू होते. प्रौढ प्रेक्षक यास उत्कंठा म्हणतो, कारण उद्या पुन्हा साडेदहा वाजणार आहेत आणि हा धंद्याचा भाग आहे, हे तो जाणतो. पाच वर्षांच्या मुलाला उद्याची अशी खात्री नसते. ते त्या अर्ध्या उघड्या दारासह अंथरुणावर जाते. भीतिदायक आशयापेक्षाही भीतीचे हे अपुरेपण लहान मुलांना अधिक अपायकारक ठरण्याचा संभव आहे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

वयानुसार बदलणारी भीती

'मुले' हा एकसंध गट नव्हे, हे या विषयात प्रथम मान्य करावे लागते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कॅन्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून या विषयावर केलेले संशोधन येथे उपयुक्त आहे. १९८५ मधील एका प्रयोगात सिंथिया हॉफनर व कॅन्टर यांनी मुलांना एका वृद्ध स्त्रीची चित्रफीत दाखवली. काही आवृत्त्यांत ती दिसायला कुरूप, तर काहींत प्रेमळ चेहऱ्याची होती. तिचे वर्तनही काही आवृत्त्यांत दयाळू, तर काहींत क्रूर होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तिच्याविषयीचे मत प्रामुख्याने दिसण्यावरून बनवले. त्यांहून मोठ्या मुलांवर दिसण्याचा प्रभाव कमी आणि वर्तनाचा अधिक आढळला.

'द इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेसंबंधीच्या अभ्यासातही हेच दिसले. त्यातील सज्जन नायक संकटाच्या वेळी हिरव्या राक्षसी देहात बदलतो आणि इतरांना वाचवतो. मोठ्या मुलांना तो रक्षक वाटला. अगदी लहान मुले मात्र त्या रूपांतरानेच घाबरली. याउलट १९८३ मध्ये अमेरिकेत प्रक्षेपित झालेल्या 'द डे आफ्टर' या अणुयुद्धावरील चित्रपटाने सर्वांत लहान मुले सर्वांत कमी अस्वस्थ झाली आणि किशोरवयीन मुले अधिक. कारण उघड आहे. त्या चित्रपटातील भय डोळ्यांना दिसणारे नव्हते. ते समजून घ्यावे लागणारे होते.

या संशोधनाचा आणखी एक निष्कर्ष घरातील मोठ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 'ते खरं नाही, नुसता मेकअप आहे,' ही समजूत सात-आठ वर्षांपुढील मुलाला उपयोगी पडते. चार वर्षांच्या मुलाला तिचा फारसा उपयोग होत नाही. त्याला मांडी लागते, हात धरणारे कोणी लागते, दिवा लागतो. थोडक्यात, लहान मूल 'काय दिसते' याला घाबरते आणि मोठे मूल 'काय होऊ शकते' याला घाबरते. आता हे सूत्र आपल्या दोन मालिकांना लावून पाहू.

'रात्रीस खेळ चाले' : दिसणारी भीती

सिंधुदुर्गातील आकेरी येथील नाईकांचा वाडा हे या मालिकेचे स्थळ. पहिल्या पर्वाचा आरंभ अण्णा नाईक यांच्या मृत्यूने होतो आणि विखुरलेले कुटुंब वाड्यात एकत्र येते. दुसरे पर्व मागे जाऊन अण्णांच्या हयातीची कथा सांगते. तिसऱ्या पर्वात अण्णा व शेवंता हे मृतात्मे म्हणून वावरतात. मंद उजेड, दाट झाडी, विहीर, परसदार, ओढून लांबवलेली शांतता आणि तिच्यावर अकस्मात आदळणारा ध्वनी ही या मालिकेची भयसामग्री आहे. ही सर्व सामग्री दृश्य आणि श्राव्य आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ती थेट भिडते. या वयासाठी मालिका अयोग्य आहे, हा घरगुती निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत चित्र बदलते. वाडा कोकणातील आहे, बोली मालवणी आहे. कराड किंवा तासगावच्या मुलाला ते सारे 'तिकडचे' वाटते. ते घाबरते, पण ती भीती सह्याद्रीपलीकडची असते. दुसऱ्या दिवशी शाळेत अण्णांची नक्कल करून ते मूल त्या भीतीवर ताबाही मिळवते. नक्कल करता येणे हे भीती आटोक्यात आल्याचे एक लक्षण मानता येईल.

या मालिकेविषयीचा खरा आक्षेप निराळा आहे. ती अंधश्रद्धेला खतपाणी घालते, अशी टीका पहिल्या पर्वापासूनच झाली. सातारा व सांगली येथील वाचकांना या टीकेकडे दुर्लक्ष करता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. चळवळीचे वार्तापत्र सांगलीहून निघत आले आहे. आणि याच सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, जून २०२२ मध्ये एका कुटुंबातील नऊ जण मृतावस्थेत आढळले. आरंभी सामूहिक आत्महत्या वाटलेले हे प्रकरण गुप्तधनाच्या आमिषातून मांत्रिकाने केलेले हत्याकांड असल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. या घटनेचा कोणत्याही मालिकेशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु भूत दाखवणे आणि मांत्रिकाचा उपाय गुणकारी दाखवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यावरून ठसतो. पहिल्या गोष्टीने मुलाची एक रात्र बिघडते. दुसरी गोष्ट त्याच्या मनात एक समजूत रुजवते आणि ती समजूत मूल मोठे झाल्यावरही टिकते. म्हणून भूतमालिकेच्या योग्यायोग्यतेचा विचार करताना 'भूत आहे का' यापेक्षा 'भुतावर उपाय कोणाचा चालला' हा प्रश्न विचारणे अधिक सयुक्तिक आहे.

'देवमाणूस' : ओळखीच्या चेहऱ्यामागची भीती

२०१६ मध्ये वाई तालुक्यातील धोम परिसरात उघडकीस आलेल्या हत्याप्रकरणावर 'देवमाणूस' बेतलेली आहे, हे सर्वश्रुत आहे. त्या प्रकरणात डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या इसमावर अनेक खुनांचा आरोप ठेवण्यात आला. मालिकेतील डॉ. अजितकुमार देव हा बनावट डॉक्टर असून तो गावाचा विश्वास संपादन करतो आणि त्याच विश्वासाच्या आड खून करतो. किरण गायकवाड यांनी ही भूमिका केली. मालिकेचे शीर्षकच उपरोधिक आहे. आपल्या भागात चांगल्या डॉक्टरला 'देवमाणूस' म्हणण्याची रीत आहे. १८९४ पासून मिशन रुग्णालय असलेल्या आणि आरोग्यनगरी म्हणून नावारूपाला आलेल्या मिरजेच्या पंचक्रोशीत तर हा शब्द मुलांच्या कानांवर सतत पडतो. मालिकेने तो उलटा केला.

आता वयाचे सूत्र लावून पाहू. चार वर्षांच्या मुलाला डॉक्टर देव भीतिदायक वाटण्याचे फारसे कारण नाही. तो देखणा आहे, हसतो, गोड बोलतो. दिसण्यावरून माणूस ओळखणाऱ्या वयाला तो चांगलाच वाटेल. घरातील मोठी माणसे मूल घाबरत नाही हे पाहतात आणि मालिका निर्धोक आहे असा निष्कर्ष काढतात. परंतु त्याच सतरंजीवर बसलेली नऊ वर्षांची बहीण वर्तनावरून माणूस ओळखू लागलेली असते. चेहरा आणि कृत्य यांतील अंतर तिला दिसते. तिची भीती चेहऱ्यातून निघत नाही; ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा तोच फसवील, या विचारातून ती निर्माण होते. अशी भीती रडून व्यक्त होत नाही, म्हणून ती घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

येथे समीपतेचा निकष पुढे येतो. बोली साताऱ्याकडची, घर, अंगण आणि शेत आपल्यासारखे, आणि घटना वाईची. कोकणातील वाड्याचे 'तिकडे' येथे उरत नाही. समीपतेचा परिणाम किती खोल असू शकतो, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये मिळते. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी बीबीसीने 'घोस्टवॉच' हा कार्यक्रम रात्री नऊनंतर दाखवला. तो लिहिलेले नाटक होता, पण थेट प्रक्षेपणाच्या धाटणीत, मायकेल पार्किन्सन आणि मुलांच्या कार्यक्रमांतून घरोघरी परिचित असलेल्या सारा ग्रीन यांना स्वतःच्याच नावाने वावरू देऊन सादर झाला. कार्यक्रमाच्या शेवटी सारा ग्रीन भूतबाधित घरात नाहीशा होतात. पुढे १९९४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये, हा कार्यक्रम पाहून मानसिक आघाताची लक्षणे दिसलेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. भुताइतकाच येथे ओळखीचा चेहराही कारणीभूत होता, असे अनुमान करता येते. त्यानंतर सारा ग्रीन मुलांच्या कार्यक्रमात येऊन आपण सुखरूप असल्याचे सांगून गेल्या, हा तपशीलही अर्थपूर्ण आहे. अर्धवट राहिलेली भीती मिटवण्याची जबाबदारी तेथे प्रक्षेपकाने, उशिरा का होईना, उचलली.

'देवमाणूस' सुरू झाली तो काळही विसरता येत नाही. मार्च २०२० पासून शाळा बंद होत्या, झोपेच्या वेळा लांबल्या होत्या, आणि दवाखाना, सुई व डॉक्टर हे घराघरातील बोलण्याचे विषय झाले होते. डॉक्टरवर विश्वास ठेवण्याची गरज सर्वाधिक होती त्याच महिन्यांत रोज रात्री तो विश्वास पडद्यावर घातक ठरत होता. याचा मुलांवर नेमका किती परिणाम झाला, हे अभ्यासानेच ठरेल. परंतु प्रश्न विचारण्यास पुरेसे कारण आहे.

या मालिकेची आणखी एक रचनात्मक बाब समीक्षेने नोंदवावयास हवी. तिच्यात सरू आजी आहे, तिच्या म्हणी आणि शिव्या आहेत, आणि टोण्या हा खोडकर मुलगा आहे. विनोदाचा हा सारा भाग मुलांना पडद्याकडे ओढतो. खून आणि हशा यांची पाळी एकाच भागात येते. प्रौढांना या विनोदामुळे ताण सैल झाल्यासारखे वाटते. मुलाला मात्र या विनोदामुळेच खोलीत थांबण्याचे निमित्त मिळते. मूल या मालिकेसमोर केवळ अपघाताने बसलेले नसते; मालिकेच्या रचनेतच त्याच्यासाठी जागा ठेवलेली असते. 'मुले पाहतात याला आम्ही काय करणार,' हा युक्तिवाद म्हणूनच पुरेसा ठरत नाही.

आणि शेवटाचे काय? पहिले पर्व ऑगस्ट २०२१ मध्ये संपले, डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे सुरू झाले आणि २०२५ मध्ये 'मधला अध्याय' आला. अण्णा नाईक मृत्यूनंतरही परतले, डॉक्टर देवही परतला. लोकप्रिय खलपात्र मरू न देणे हा व्यवसायाचा नियम असेल. परंतु राक्षसाचा पराभव त्याच रात्री दाखवणाऱ्या सांगलीच्या रंगभूमीपासून आपण किती दूर आलो आहोत, हे त्यावरून दिसते.

नियमनाची मर्यादा

केबल दूरचित्रवाणी जाळे नियम, १९९४ यांतील सहाव्या नियमानुसार अंधश्रद्धेस प्रोत्साहन देणारे कार्यक्रम निषिद्ध आहेत. सर्वाधिक मुले पाहत असतात त्या वेळेत मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असेही त्यात नमूद आहे. प्रसारकांच्या संघटनेने २०११ मध्ये स्वनियमनाची संहिता स्वीकारली. तीत सर्वसाधारण व मर्यादित असे दोन वर्ग असून मर्यादित वर्गासाठी रात्री अकरा ते पहाटे पाच ही वेळ ठरवली आहे. साडेदहाची मालिका या रेषेच्या अलीकडे येते. शिवाय मालिकेची वेळ पाळली तरी तिच्या प्रोमोची वेळ पाळली जातेच असे नाही. संध्याकाळच्या कौटुंबिक मालिकेच्या मध्यंतरात येणारा वीस सेकंदांचा प्रोमो म्हणजे आरंभ आणि शेवट दोन्ही नसलेली शुद्ध भीती होय.

ऑनलाइन मंचांना २०२१ च्या नियमांनुसार ७, १३ व १६ वर्षांवरील असे वयोगट दर्शवावे लागतात. चित्रपटांसाठीही २०२३ च्या दुरुस्तीने तशीच विभागणी आली. दूरचित्रवाणीवर मात्र असे वयदर्शक चिन्ह बंधनकारक नाही. म्हणजे एकच मालिका भ्रमणध्वनीवर पाहिली तर वयाची सूचना मिळते, घरातील मोठ्या पडद्यावर मिळत नाही. आणि मुले तर त्या मोठ्या पडद्यासमोरच बसतात. आणखी एक विसंगती अशी की, मालिकेत काम करणाऱ्या बालकलाकाराने दिवसात पाच तासांहून अधिक काम करू नये, असा नियम आहे. कॅमेऱ्यासमोरील मुलाचे तास कायदा मोजतो. पडद्यासमोरील मुलाचे तास मोजणारे कोणी नाही.

काही आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दिवसभर शेतात वा कारखान्यात राबून आलेल्या स्त्रीला रात्रीचा अर्धा तास हाच विरंगुळा असतो. तिने मुलांसाठी तोही सोडावा काय? हा आक्षेप रास्त आहे. एका खोलीच्या घरात 'मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा' हा सल्ला उपहासासारखा वाटेल. म्हणूनच प्रस्तुत लेखाचा रोख बंदीवर नाही आणि आईला दोषी ठरवण्यावर तर मुळीच नाही. दुसरा आक्षेप असा की, 'देवमाणूस'सारख्या मालिकेने बनावट डॉक्टरांविषयी सावध केले. प्रौढांच्या बाबतीत हे मान्य करता येईल. परंतु सावधगिरी ही निवड करू शकणाऱ्याच्या उपयोगी पडते. नऊ वर्षांची मुलगी आपला डॉक्टर निवडत नाही. तिला आई नेईल तेथे जावे लागते. निवडीचे स्वातंत्र्य नसलेल्याला दिलेला संशय ही केवळ भीतीच असते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) 'भूत आहे की नाही' हा निकष बालप्रेक्षकांच्या संदर्भात अपुरा आहे. सहा वर्षांखालील मुलांना 'रात्रीस खेळ चाले' अधिक त्रासदायक ठरण्याचा संभव आहे. आठ ते बारा वयोगटाला मात्र भूत नसलेली 'देवमाणूस' अधिक.

२) मूल रडले नाही म्हणजे ते घाबरले नाही, असे नव्हे. स्थळ, बोली आणि व्यवसाय जितके ओळखीचे, तितकी मोठ्या मुलाची भीती खोल जाते.

३) दैनंदिन मालिका भीती अपुरी ठेवते. ती पुरी करण्याचे काम घरातील कोणातरी मोठ्या माणसावर येते. मालिका पाहून झाल्यावर पाच मिनिटे मुलाजवळ बसून 'आता पुढे काय होईल, तुला काय वाटतं?' असे विचारणे आणि त्या रात्रीपुरता शेवट त्याच्याबरोबर रचणे हे एका खोलीच्या घरातही शक्य आहे. अगदी लहान मुलासाठी शब्दांपेक्षा मांडी पुरेशी आहे.

४) दूरचित्रवाणीवर वयदर्शक चिन्ह आणि प्रोमोंवर वेळेचे बंधन यांची मागणी शिक्षणसंस्थांनी लावून धरावी. आपल्या महाविद्यालयांतील मराठी, मानसशास्त्र आणि गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन आपल्याच गावांतील मुले काय पाहतात आणि कशाला भितात, हे त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवले तर या विषयावरील पुढची चर्चा अनुमानावर चालणार नाही.

घरातील तो निर्णय पुढेही कोणीतरी एका वाक्यातच घेणार आहे. ते वाक्य 'यात भूत आहे का?' याऐवजी 'ही भीती आज रात्री मिटणार आहे का, आणि नसेल तर ती मिटवायला मुलाजवळ कोण आहे?' असे झाले, तर पुष्कळ साधले असे म्हणता येईल. आजीने हा प्रश्न कधी शब्दांत विचारला नव्हता, कारण म्हातारी वाघाच्या तावडीतून सुटेपर्यंत ती गोष्ट सोडून उठतच नसे.